उपयोगाचा रकाना

"सर, हा रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पानच उघडत नाहीये," स्वानंदी म्हणाली आणि खुर्ची जरा बाजूला सरकवून तिने आगाशे सरांना संगणकाचा पडदा दाखवला.

हरिहर आगाशे यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. रकान्याचं नाव वाचायची त्यांना गरज नव्हती. गेली कित्येक वर्षं तो त्यांच्या मानगुटीवर बसलेला होता. 'प्रस्तावित संशोधनाचा समाजाला होणारा उपयोग.' कागदी अर्जांचे दिवस होते तेव्हा ते तिथे एक वाक्य लिहून मोकळे होत आणि अर्ज निमूटपणे दिल्लीला जाई. आता पोर्टल आलं होतं, आणि पोर्टलला निदान शंभर शब्द हवे होते.

"लिही, 'तूर्त सांगता येत नाही'," सर म्हणाले.

"हे चार शब्द झाले, सर."

"मग पंचवीसदा लिही."

स्वानंदी हसली नाही. संध्याकाळी पाचला पोर्टल बंद होणार होतं. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नमुन्यांच्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास भरून राहिला होता आणि वीज सकाळपासून दोनदा जाऊन आली होती. तिसऱ्यांदा गेली असती तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. कारण ही सरांची शेवटची संधी होती. प्रकल्प तीन वर्षांचा, आणि प्रमुख संशोधकाची तेवढी नोकरी शिल्लक हवी असा नियम. यंदा सर त्या नियमात कसेबसे बसत होते. पुढल्या वर्षी बसणार नव्हते.

गंमत अशी, की अर्ज लिहिण्यात हरिहर आगाशे यांचा हात धरणारं रत्नागिरीत कोणी नव्हतं. कॉलेजात नवा प्राध्यापक रुजू झाला की महिन्या-दोन महिन्यांत तो आगाशे सरांच्या टेबलाशी येऊन उभा राही. सर त्याचा विषय ऐकून घेत, डोळे मिटून बसत आणि मग कागद ओढून लिहायला लागत. कोणत्या संस्थेला कोणता शब्द आवडतो, उपकरणांच्या खर्चाला कात्री लागणार हे धरून आधीच किती फुगवून मागायचं, प्रवासखर्च कुठे दाखवला की कोणी बोट ठेवत नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. भौतिकशास्त्राच्या विभागात आज जे यंत्र काचेच्या खोलीत बसवलंय, ते त्यांच्याच लेखणीचं. आणि त्यांच्याच विभागात नव्याने रुजू झालेल्या स्वानंदी लिमयेचा काजूच्या बोंडांवरचा प्रकल्प मंजूर होऊन आला, तेव्हा तिला स्वतःलाच धक्का बसला होता. चार घरची लग्नं जुळवावीत आणि स्वतः मात्र बिनलग्नाचं राहावं, तशातली सरांची गत. त्यांचा स्वतःचा एकही अर्ज आजवर मंजूर झालेला नव्हता.

कारण त्यांच्या अर्जात तो कांदा होता.

रत्नागिरीहून मालगुंडच्या बाजूला निघालं की घाटी चढून वर सडा लागतो. मैलोगणती सपाट काळा कातळ. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाड्या तिथून सुसाट जातात, कारण बघण्यासारखं तिथे काही नाही असा सगळ्यांचा समज. उन्हाळ्यात ते खरंही आहे. पण पावसाळ्यात त्या कातळातल्या खळग्यांत, जिथे जेमतेम दोन बोटं माती असते, तिथे इवल्या इवल्या वनस्पतींची जत्रा भरते. त्यातलीच एक, कातळाच्या भेगेत बोराएवढा कांदा, वर गवतासारखी पाती आणि आषाढातले काही दिवस, उन्हं उतरली की उमलणारं पांढरं फूल. सड्यालगतच्या तळेवाडीचे लोक त्याला चांदणकांदा म्हणत. शास्त्राच्या पुस्तकांत मात्र त्याला नावच नव्हतं. हरिहररावांनी तरुणपणी तो पहिल्यांदा पाहिला, पुस्तकं चाळली, पुण्याला नमुने पाठवले. उत्तर आलं की वेगळी जात असण्याचा संभव आहे, सविस्तर अभ्यास व्हावा.

सविस्तर अभ्यास म्हणजे पैसे. खाली पार गोव्याच्या हद्दीपर्यंतचे सडे पायाखाली घालायचे, पेशींच्या तपासण्या करायच्या, जुन्या संग्रहांतले नमुने जाऊन पाहायचे, हाताशी एखादी विद्यार्थिनी ठेवायची. रविवारी स्कूटरवरून सड्यावर जाऊन हे होण्यासारखं नव्हतं. आणि इकडे सड्यावर सुरुंग लागायला लागले होते. कातळ फोडायचा, खड्ड्यात बाहेरची माती भरायची आणि आंब्याची कलमं लावायची. दर वर्षी सडा थोडा आक्रसायचा. नाव नसलेल्या झाडाला वाचवा म्हणून कोणाला सांगायची सोय नसते. हरिहररावांना बाकी काही नको होतं. त्या कांद्याला पुस्तकात एक नाव मिळावं, एवढंच.

"सर, रागावू नका," स्वानंदी म्हणाली, "पण माझ्या प्रस्तावात तुम्ही बोंडांचे चार उपयोग लिहिलेत. त्यातला एक तरी मला ठाऊक होता का?"

"बोंडांना उपयोग आहे गं. दारू तरी होते."

"आणि ह्याला काहीच नाही? इतकी वर्षं जाताय तिथे. कोणी खात नाही, लावत नाही, उगाळत नाही?"

 हरिहररावांना सोनूबाई आठवली.

सोनूबाईचं घर सड्याच्या अगदी कडेला. फार वर्षांपूर्वी सर गुडघे टेकून, गाल कातळाला लावून एक फूल बघत होते, तेव्हा गुरं घेऊन चाललेली ती बाई थबकली होती.

"काय हारवला काय वो मास्तर?"

"नाही, हे फूल बघतोय."

"चांदनकांदा व्हय? ह्याचा उपेग काय?"

"काही नाही."

"मंग कशाला बघताव?"

"छान दिसतं," सर म्हणाले होते. त्यावर सोनूबाई तोंडाला पदर लावून जी हसत सुटली, ती वाडीभर सांगत फिरली. रत्नागिरीचा मास्तर बिनउपयोगाचं फूल बघायला सड्यावर पालथा पडतो. त्या दिवसापासून दर पावसाळ्यात त्यांना तिच्या पडवीत कोरा चहा मिळू लागला.

एकदा तिच्या बैलाच्या खांद्याला जखम झाली होती आणि तिने कांदा ठेचून त्यावर बांधला होता. सरांनी विचारलं, गुण आला का? ती म्हणाली, "आला. पन तो हलदीनं पन येतो."

हे त्यांनी स्वानंदीला सांगितलं. हळदीचं नाही सांगितलं. मुद्दाम गाळलं असंही नाही, बोलण्याच्या ओघात राहून गेलं, अशी त्यांनी पुढे पुष्कळ दिवस स्वतःची समजूत घातली.

"बघा!" स्वानंदी ताठ बसली. "स्थानिक समाजात पारंपरिक औषधी वापर. ह्या कुळातल्या कांद्यांत जी रसायनं असतात ना सर, त्यांतल्या काहींवर बाहेर मधुमेहासाठी काम चाललंय. आपण 'आहे' म्हणायचंच नाही. 'शक्यता तपासता येईल' म्हणायचं. शक्यता तपासायला कोणाची ना आहे?"

"माझा विषय तो नाही."

"नसू दे. पैसे येऊ देत, मग तुम्ही तुमचं नाव शोधा. सर, तुम्हीच मला म्हणाला होता, उपयोगाचा रकाना हा उंबरठा आहे, आत जायचं तर पाय उचलून टाकायचा."

म्हणाले होते खरे. दुसऱ्याच्या उंबरठ्याविषयी बोलणं सोपं असतं. हरिहरराव खिडकीपाशी गेले. बाहेर मुलं वडापावच्या गाडीभोवती उभी होती. आपण निवृत्त होऊ, कपाटातले वाळके नमुने कोणीतरी एक दिवस झाडून बाहेर टाकील, सड्यावर हापूसची बाग होईल आणि तो कांदा कधी होता हेसुद्धा कोणाला कळणार नाही, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं.

ते परत येऊन बसले, स्वानंदीला उठवलं आणि स्वतः टंकायला लागले. एकदा हात सुटल्यावर थांबायचं नाव नाही. इतकी वर्षं लोकांसाठी जी सफाई वापरली, तीच आता पोटच्या पोरासाठी वापरायची होती. शंभर काय, चांगले तीनशे शब्द झाले. वाचून स्वानंदीने टाळ्या वाजवल्या. पाच वाजायच्या आत अर्ज गेला.

घरी आल्यावर त्यांनी मालिनीबाईंना सांगितलं. त्या ओट्याशी फणसाच्या आठळ्या सोलत होत्या.

"खोटं लिहिलंत?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"खोटं नाही. शक्यता म्हटलंय."

"मग झालं तर. इतकी वर्षं खरं लिहून काय मोठं पदरात पडलं? मी म्हणत्ये, एकदा जाऊन बघा तरी कसं वाटतं ते, मंजूर झालेलं." मग थोड्या वेळाने, सुरी थांबवून त्या म्हणाल्या, "तुमचा चेहरा का असा?"

"काही नाही. दमलोय."

त्या वर्षीचा पावसाळा नेहमीसारखाच गेला. सर रविवारी सड्यावर गेले, फुलं पाहिली, सोनूबाईकडे चहा प्यायले. दिवाळीनंतर दिल्लीची समिती मुंबईला बसली आणि सादरीकरणाला बोलावणं आलं. सरांनी चित्रं नेली होती, सड्याचे नकाशे नेले होते. समितीतल्या विद्वानांनी नकाशे भराभर पुढे सरकवायला लावले. एकाने विचारलं, "हे डायबेटिसचं काय म्हणताय?" सर म्हणाले, "शक्यता आहे." "स्थानिक लोक वापरतात?" "औषध म्हणून लावताना पाहिलंय." ह्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. समिती माना डोलवत होती. आजवर असल्या खोल्यांतून हरिहरराव मान खाली घालून बाहेर पडले होते. या वेळी एका सदस्याने दारापर्यंत येऊन हात मिळवला.

शिमगा झाला आणि मंजुरीचं पत्र आलं. मालिनीबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि डोळे पुसत पुसत सगळ्या आळीत ती वाटली. हरिहररावांना आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. त्यांना इतका आनंद झाला की रात्री जेवताना त्यांनी भात तिसऱ्यांदा मागून घेतला. आता नाव मिळणार. नावसुद्धा त्यांनी मनात कधीचं ठरवून ठेवलं होतं, पण ते मालिनीबाईंनाही सांगितलं नव्हतं.

कॉलेजने सत्कार केला. शाल, श्रीफळ, प्राचार्यांचं भाषण. बातमी कॉलेजच्या कार्यालयातूनच वर्तमानपत्रांना गेली. कार्यालयाने ती कशावरून तयार केली? तर अर्थातच अर्जातल्या सगळ्यांत वाचनीय भागावरून. दुसऱ्या दिवशी सरांच्या शालीतल्या फोटोखाली मोठ्या अक्षरात छापून आलं: 'सड्यावरचा चांदणकांदा मधुमेहावर गुणकारी? रत्नागिरीच्या प्राध्यापकाचं संशोधन.' प्रश्नचिन्ह होतं. पण प्रश्नचिन्ह वाचतो कोण! ज्यांनी ती बातमी फोनवरून पुढे ढकलली, त्यांनी तर ते वाटेत कुठेतरी सांडूनच टाकलं. तळेवाडीचं नावही बातमीत होतं.

सरांनी ती बातमी वाचली, ओठ दाबले आणि प्राचार्यांकडे जायला निघाले. अर्ध्या जिन्यात ते थांबले. प्राचार्य खुशीत होते, संस्थेचे अध्यक्ष खुशीत होते, दिल्लीहून पहिला हप्ता यायचा होता. 'बातमी चुकीची आहे' असं छापून आणायचं म्हणजे 'माझा अर्ज चुकीचा आहे' असंच की. चार दिवसांनी लोक विसरतील, असं म्हणून ते जिना उतरून वर्गावर गेले. आयुष्यात ते पुष्कळ जिने चढले-उतरले असतील. पण पुढे आठवत राहिला तो तेवढाच.

मग पैसा आला, आणि पैशाबरोबर त्याचं सगळं गोत आलं. प्रकल्पाचं वेगळं खातं उघडायचं. प्रत्येक खरेदीला तीन तीन दरपत्रकं मागवायची. खरेदी समितीची सभा, तिचं इतिवृत्त, त्यावर सह्या. सहायक नेमण्यासाठी जाहिरात, मुलाखती, पुन्हा इतिवृत्त. संगमेश्वरकडची नम्रता म्हणून एक मुलगी निवडली. शेतकरी घरातली, चुणचुणीत, चिखलाला न भिणारी. ती पहिल्या दिवसापासून विचारत होती, "सर, सड्यावर कधी जायचं?" सर म्हणत, "या रविवारी." तो रविवार खर्चाच्या विवरणात जाई. जून गेला, जुलै निम्मा गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं झालं, की पावसाळा लागून इतके दिवस लोटले आणि हरिहर आगाशे सड्यावर गेले नव्हते. ज्या कामाला पैसे मिळाले, ते काम सोडून ते पैशांचीच उस्तवार करत बसले होते.

शेवटी एकदाचे निघाले. स्कूटरवरून नाही, प्रकल्पाच्या खर्चातून भाड्याने घेतलेल्या गाडीतून. नम्रताने मोजमापाच्या दोऱ्या, खुंट्या, कॅमेरा, सगळं नीट भरून घेतलं होतं. पावसाने उघडीप दिली होती. सड्यावर धुकं होतं आणि कातळावरून पाणी झिरपत होतं. गाडी रस्त्यावर ठेवून दोघं आत चालत गेली. सरांची पावलं आपोआप ओळखीच्या वाटेला लागली. त्यांना प्रत्येक खळगा माहीत होता.

पहिल्या खळग्यापाशी ते थांबले. तिथे खड्डा होता. खड्ड्यात गढूळ पाणी.

"डुकरांनी उकरलेलं दिसतंय," ते म्हणाले आणि पुढे गेले. पुढच्या खळग्यात तेच. त्याच्या पुढच्यातही. भेगांमधली माती खरवडून बाहेर काढून टाकलेली आणि पावसाने ती वाहून चाललेली. कातळाला पांढरे ओरखडे.

"सर," नम्रता हळूच म्हणाली, "डुकरांकडे टिकाव कुठला?"

 सर चालत राहिले, आधी भरभर, मग अगदी सावकाश. नम्रता मागून येत होती. तिने थोड्या वेळाने भाबडेपणाने विचारलं, "पण सर, ते फूल असतं कुठे?" आणि हरिहररावांना हात कुठे दाखवावा ते कळेना. दर वर्षी ते हात नुसता गोल फिरवत आणि म्हणत, हे काय, सगळीकडे.

सोनूबाई पडवीत बसली होती. ती आता थकली होती, डोळ्यांवर जाड भिंगं आली होती, पण पावलांवरून तिने ओळखलं.

"या मास्तर. औंदा उशीर केलात. आनि गाडीतनं आलाव जनू?"

"सोनूबाई, सड्यावर कोणी खणलं?"

"सगल्यांनी," ती सहज म्हणाली. "चिपलुनाकडचा येपारी टेंपो घेऊन आलेला, किलोवर इकत घ्यायला. पाती वर आली नि लगेच. वाडीतली पोरा, बाया, सगली लागली खनायला. मुंबैवालेसुदीक रजा काढून आले. बाबल्यानं तर काढा करून प्यालान. दोन दिस वांत्या." ती हसली. मग सरांचा चेहरा बघून तिचं हसणं विरलं. "काय झाला वो? तुमच्याच कांद्याचा नाव झाला ना?"

"तुम्ही कोणी अडवलं नाहीत?"

"का अडवायचा? येपारी आला तवा काय लोक म्हनाले, ह्यो फशिवतोय, ह्या कांद्यात काय नसता. मी सांगितला त्यांस्नी." सोनूबाईच्या आवाजात अभिमान होता. "पेपरात मास्तरांचा फोटू हाय. नातवानं वाचून दावलान. म्हटला, आमचे मास्तर खोटा नाय लिवायचे. मी वलकतंय त्यांना. उपेग नसता तर नाय म्हनून सांगितले असते. मंग लोक लागले."

हरिहरराव पडवीच्या कठड्यावर बसले.  इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं, की आपल्या खरं बोलण्याची कोणाला किंमत नाही. किंमत होती. इथे, ह्या पडवीत ती कोणीतरी जपून ठेवली होती, आणि नेमकी तीच त्यांनी खर्चून टाकली. दिल्लीच्या समितीने विश्वास ठेवला नसता तरी चाललं असतं. ह्या बाईने ठेवायला नको होता.  नम्रता समोर उभी होती म्हणून, नाहीतर ते रडलेच असते.

"कलमं लावायला सुरुंग लावतील म्हणून मी भीत होतो," ते कसंबसं म्हणाले. "सोनूबाई, ते औषध नाही."

"पेपरात तर..."

"मीच लिहिलं होतं तसं. पैसे मिळावेत म्हणून."

सोनूबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं हरिहररावांना वाटलं. ती नुसती थोडी गोंधळल्यासारखी दिसत होती, ओळखीच्या वाटेवर पाय चुकावा तशी. मग गुडघ्यांवर हात टेकून ती उठली आणि आत गेली. सरांना वाटलं, आता ती बाहेर येणार नाही. आज चहा नाही.

ती सूप घेऊन बाहेर आली. सुपात वाटाण्याएवढे, सुकत आलेले कांदे होते. मूठभर असतील.

"ह्ये बारके. येपाऱ्यानं घेतलान नाय. बाकीच्यांनी उकिरड्यात टाकले. मी ठेवले. म्हटला, मास्तर येतील, त्यांना बघायला व्हतील."

नम्रताने एक कांदा उचलून बोटांत फिरवला. "सर, हे नमुने म्हणून..." ती म्हणाली आणि सरांकडे पाहून थांबली. नावासाठी नमुने लागतातच. कपाटातले वाळके होते, पण पेशींच्या तपासणीला जिवंत कांदा लागतो, आणि तिच्याशिवाय ही वेगळी जात ठरत नव्हती. त्या सुपात हरिहररावांच्या आयुष्याचं काम पुरं होण्याइतकी सामग्री अजून होती.

"पिशवी नको काढूस," सर म्हणाले.

ते सूप घेऊन सड्यावर परत गेले. सोनूबाईही काठी टेकत मागून आली. पहिल्या खळग्यापाशी त्यांनी गुडघे टेकले, पाणी ओंजळीने बाहेर काढलं, वाहून आलेली माती बोटांनी गोळा करून भेगेत भरली आणि तिच्यात एक कांदा दाबला. वर माती सारखी केली. ती पुरेना, तेव्हा पुढच्या खड्ड्यातून थोडी आणली. हे सगळं उशिरा चाललं होतं, निम्मे कांदे मेलेले असणार, हे आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या त्यांना पुरतं ठाऊक होतं. नम्रता दोऱ्या-खुंट्या खाली ठेवून न सांगता त्यांच्या शेजारी बसली आणि दुसरी भेग साफ करायला लागली.

सोनूबाई कातळावर टेकली होती. धुकं पातळ होऊन मागच्या बागेतली कलमं दिसायला लागली होती.

"मास्तर, आता खरा सांगा," ती म्हणाली. "ह्याचा उपेग काय?"

"काही नाही, सोनूबाई."

"साखरेवर नाय?"

"नाही."

"कशावरच नाय?"

"कशावरच नाही."

तिने सूप आपल्याजवळ ओढून घेतलं.

"मंग तसाच लिवायचा व्हता."

हरिहररावांना वाटलं, सांगावं हिला. तसंच लिहीत होतो बाई. आख्खी नोकरी तसंच लिहिण्यात गेली. पण शेवटच्या खेपेला तसं लिहिलं नाही, आणि तेवढंच आता खरं होतं.  मातीने भरलेला हात त्यांनी पुढे केला.

सोनूबाईने सुपातून एक कांदा निवडला, फुंकर मारून त्याचं फोल उडवलं आणि तो त्यांच्या तळहातावर ठेवला.